अळवाची विल्हेवाट

पाणी, जे

कचऱ्याच्या डोंगराखालून झिरपतं, काळं, तेलकट, उन्हात जांभळी साय धरणारं, त्याला अपेक्षा लीचेट म्हणायची. एम.टेक.ला गेल्यावर पहिल्याच सुट्टीत तिने हा शब्द घरी आणला. तिची आई शालू तेव्हा भाकरी थापत होती.

"काय म्हनलीस? लिचड?"

"लीचेट, आई."

"लिचडच बरोबर हाय. एकदा चिकटलं की सुटत न्हाय."

तेव्हापासून घरात लिचड, आणि घरातून गावात. पुढे एकदा पाहणीला साहेब आले. लोक त्यांना म्हणाले, "साहेब, ह्या लिचडचं काय ते बघा." साहेबांना क्षणभर वाटलं, आपल्यालाच म्हणतायत.

गाव हडपसरच्या पलीकडे. सासवड रस्ता सोडून आत वळलं की आधी वास येतो, मग कमान येते. पुणं जे खातं, गुंडाळतं, फोडतं आणि विसरतं, ते सगळं इथे येऊन पडतं. एका अंगाला आयटी पार्कच्या काचा, दुसऱ्या अंगाला कचरा डेपो, मधून नाला, आणि नाल्याच्या खालच्या बाजूला विहिरी. अपेक्षाच्या घरची विहीर ती दहावीत असताना चहाच्या रंगाची झाली. बारावीत कॉफीच्या. शालूने तिच्यात कळशी बुडवणं सोडलं, पण दिवाळीत काठावर पणती ठेवणं सोडलं नाही.

अपेक्षाला ती विहीर परत हवी होती. पदवी, प्रबंध, पुढे आलेली कंपनी, सगळं त्या एका हट्टापायी.

मोरी, आणि तिच्यामागे

अळू. गावात मोरीमागे अळू नसलेलं घर नव्हतं. भांड्यांचं, आंघोळीचं, धुण्याचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडायचं ते अळवाच्या आणि कर्दळीच्या गड्ड्यांत. पांढरट पाणी आत जायचं. पलीकडच्या चरीतून जे निघायचं त्यात लहानपणी अपेक्षा कागदाच्या होड्या सोडायची. त्या अळवाच्या वड्या व्हायच्या, पातळ भाजी व्हायची. मोरीचं पाणी प्यालेलं म्हणून कुणी नाक मुरडत नसे. उलट मोरीवरचं अळू जास्त गुबगुबीत.

म्हणजे अपेक्षाने शोध असा काही लावला नाही. तिने मोरी मोठी केली.

वाफा:

त्या वर्षी कायदा आला होता की कंपन्यांनी नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करावा. आयटी पार्कातल्या एका कंपनीला सहाव्या मजल्याच्या खिडकीतून जो समाज दिसत होता तो म्हणजे हा कचऱ्याचा डोंगर. अपेक्षाने अर्ज केला, त्यांनी होकार दिला.

नाल्याच्या एका फाट्यावर लांबट खड्डा खणला. जेसीबी चुलतभाऊ संपतचा. त्याने आयटी पार्कला जमीन विकून जेसीबी घेतला होता आणि आता त्याच जेसीबीने बाकीच्यांच्या जमिनी सपाट करत होता. खड्ड्यात जाड ताडपत्री, तिच्यावर खडी, खडीवर वाळू. मग झाडं: आधी कर्दळ, मग पाणकणीस, मग वाळा, शेवटच्या टप्प्यात अळू. यंत्र नाही, वीज नाही, रसायन नाही. पाण्याने फक्त सावकाश मुळांतून चालत जायचं.

कंपनी त्याला वेटलँड म्हणायची. गाव म्हणायचं, अपेक्षाचा वाफा.

पहिल्या वर्षी कर्दळ दोनदा जळाली. तिसऱ्यांदा तगली. आणि एका पहाटे शालूचा फोन आला.

"बेडूक वरडतोय."

"कुठे?"

"तुझ्या वाफ्याच्या खालच्या तोंडाला. ऐक." शालूने फोन नाल्याकडे धरला. अपेक्षाला फक्त खरखर ऐकू आली. तरी ती होस्टेलच्या जिन्यात बसून रडली.

प्रश्न, जो एकदाच

विचारला गेला, तो तिच्या मार्गदर्शकांनी. दीनानाथ सर, मूळचे सदाशिव पेठेतले. बोलताना समोरच्याकडे न बघता बोटातल्या खडूकडे बघायचे.

"अपेक्षाबाई, पाणी स्वच्छ झालं, अभिनंदन. त्यातलं शिसं कुठे गेलं? काशीला?"

"मुळांत राहतं सर. काही पानांत चढतं."

"काही म्हणजे किती?"

"ते... झाडागणिक वेगळं."

"मग त्या पानांचं काय करणार आपण?"

"वेळोवेळी कापायची. आणि विल्हेवाट लावायची."

"लिहा तसं."

तिने लिहिलं. अहवालात लिहिलं, आणि वाफ्याच्या काठावर निळ्या पत्र्याची पाटी लावली, तिच्यावरही रंगवून घेतलं. *झाडांची वेळोवेळी कापणी करून योग्य विल्हेवाट लावावी.* कापणीचं काम गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे दिलं. गटाची प्रमुख शालू. उद्घाटनाच्या दिवशी शालूने ती पाटी बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवली, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या का वाजवल्या, हे अपेक्षाने विचारलं नाही.

गुरुवार म्हणजे

बाटल्यांचा दिवस. अपेक्षा कोथरूडहून दोन बस बदलून यायची. वरच्या तोंडाचं पाणी एका बाटलीत, खालच्या तोंडाचं दुसऱ्या. बाटल्या लॅबला. वाफ्यात अळवाचे देठ बुडाशी कापलेले दिसायचे, कापणी ताजी, नीटस. ती दर वेळी नोंदवायची की कापणी वेळेवर होते.

मग घरी जेवण. निघताना शालू डबा द्यायची, वड्यांचा. होस्टेलवर डबा उघडला की शेजारच्या खोल्यांतल्या मुली यायच्या. अपेक्षाच्या आईच्या अळूवड्या होस्टेलभर प्रसिद्ध होत्या.

गाव महापालिकेत गेलं त्या वर्षी गल्लीतून गटाराचे पाइप टाकले गेले. घरामागची मोरी बुजली. तिथे आता सिमेंटची टाकी होती, टाकीवर कपडे वाळायचे. अपेक्षा दर गुरुवारी त्या टाकीला वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरायची.

आज, भाद्रपदात, विसर्जनानंतरच्या

शनिवारी, कार्यक्रम. कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम येणार. खिडकीत बसणाऱ्यांपैकी नव्हेत, त्यांच्या वरच्या. दुसरा टप्पा मंजूर करायचा की नाही ते त्या आज ठरवणार होत्या. दुसरा टप्पा म्हणजे फाटा नाही, अख्खा नाला. अख्खा नाला वाफ्यातून गेला की विहिरी. दीनानाथ सर तज्ज्ञ म्हणून आलेले. संपतने मांडव टाकलेला, संपतचाच फ्लेक्स, त्यावर संपतचाच फोटो, कोपऱ्यात पासपोर्टच्या आकाराची कर्दळ.

प्रियदर्शनी मॅडमनी वाफा पाहिला. खालच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला.

"अपेक्षा, हे अमेझिंग आहे. आमच्या ऑफिसच्या टॅंकरला याहून जास्त वास येतो."

"विहिरींपर्यंत न्यायचंय मॅडम. म्हणून दुसरा टप्पा."

"जेवून बोलू. ऑलमोस्ट येस समज."

अपेक्षा पाय जमिनीला न लागता मांडवामागे गेली, आईला सांगायला.

मांडवामागे मोठं पातेलं,

त्याच्यापाशी सुंदराबाई उलथनं घेऊन. सुंदराबाई म्हणजे गावातल्या कुठल्याही पंगतीचा स्वयंपाक. पातेल्यात हिरवं, घट्ट, वर शेंगदाणे, हरभरा डाळ, मुळ्याच्या चकत्या.

"काय केलंय?"

"फदफदं. पुन्याचे पाव्हणे हायत, त्यांना त्याबिगर जेवल्यासारखं वाटत न्हाय."

"वास मस्त येतोय. अळू कुठून आणलंत, मंडईतून?"

सुंदराबाई शालूकडे बघून हसली. "ऐकलं का गं? मंडईतून म्हनती! अगं, मंडईत आपन देतो. आपन कशाला आनू?"

"आपण म्हणजे?"

"गट. तुझ्या वाफ्याचं हाय सगळं," शालू म्हणाली. पंगतीसाठी बादली भरत होती ती. "सकाळी लवकर खुडतो, जुड्या बांधतो, हडपसरला पोचवतो. पितरं जवळ आली, आता तर पुरत न्हाय. एक पान र्‍हात न्हाय बघ मागं. पाटीवर लिवलंय तसंच करतो. विल्हेवाट."

अपेक्षाला प्रथम कळलं नाही. मग कळलं, आणि मग ते कळत राहिलं.

विल्हेवाट. तिचे आजोबा मंडईतून रिकामी गाडी घेऊन परत यायचे तेव्हा उंबऱ्यातूनच सांगायचे, लागली विल्हेवाट. म्हणजे माल खपला. म्हणजे आज सगळे नीट जेवतील. या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थ कधी नव्हता. दुसरा अर्थ तीच कॉलेजात शिकली होती आणि परत येताना पहिला पुसून आली होती.

"आई, मला जे डबे द्यायचीस, वड्यांचे..."

"मग? मोरी कुठं र्‍हायलीय आता?"

तिने काय करायला हवं होतं

ते सोपं होतं. बाहेर जायचं, हात वर करायचा, सांगायचं. पण बाहेर पंगत बसली होती. कागदाच्या द्रोणांत फदफदं पडलं होतं, आणि प्रियदर्शनी मॅडम ऑलमोस्ट येसवर होत्या. अपेक्षाला एकाच वेळी दोन्ही वाचवायचं होतं: खाणाऱ्यांना आणि वाफ्याला. असं काहीतरी सांगायचं होतं की लोक अळू ठेवतील आणि वाफ्याचं नाव निघणार नाही.

ती पंगतीत जाऊन मोठ्याने म्हणाली,

"अळू नका घेऊ कुणी. खाजरं आहे."

क्षणभर घास थांबले. आणि मग, हे लक्षात घ्या, सगळ्यांनी शालूकडे पाहिलं.

शालू बादली आणि पळी घेऊन दोन पानांच्या मध्ये उभी होती. ज्या गावात सुनेची परीक्षा अळवावर होते, चिंच कधी घालायची, देठ किती सोलायचे, त्या गावात, पाहुण्यांसमोर, पोटच्या मुलीने सांगितलं होतं की आईच्या हातचं अळू घशाला खाजतं. शालूचा चेहरा जागच्या जागी म्हातारा झाला.

दीनानाथ सरांनी द्रोण उचलून तोंडाला लावला. "अहो अपेक्षाबाई, मी दोन द्रोण घेतले. घसा अजून माझ्याच मालकीचा आहे. बाई, तिसरा वाढा."

"काकू, मलाही," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. "माझ्या आजीच्या हातचं आठवलं. खरंच."

"आना हिकडं!" संपत ओरडला. "कोन म्हनतं खाजरं? ओत काकी, अर्धी बादली ओत!"

आणि मग सगळी पंगतच. मलाही. इकडेही. थोडं अजून. ज्यांना अळू आवडत नव्हतं त्यांनीही एका बाईची लाज राखायला मागून घेतलं. चांगली माणसं होती सगळी. चाटून पुसून खात होती. शालू वाढत होती, पुसल्या डोळ्यांनी, प्रत्येकाला भरभरून. अपेक्षा म्हणत राहिली, "सर, नको. मॅडम, ऐका ना." आणि लोक हसत हसत म्हणत राहिले, अगं किती ती परफेक्शनिस्ट.

पातेलं संपलं. सुंदराबाईने ते आडवं करून दाखवलं.

आभार

मानायचं काम अपेक्षाचं होतं. त्याआधी प्रियदर्शनी मॅडम बोलल्या. म्हणाल्या, निसर्ग हीच सर्वांत चांगली टेक्नॉलॉजी. म्हणाल्या, दुसरा टप्पा, अख्खा नाला, मंजूर. टाळ्या. संपतने फटाक्यांची माळ लावली. अपेक्षाला वाटलं, ही माळ संपेपर्यंत ठरवायचं.

माळ लहान होती.

ती माइकपाशी गेली. हातात आभाराचं कार्ड होतं, त्याच्यावर *सर्वप्रथम* लिहिलेलं होतं.

"सर्वप्रथम," ती म्हणाली. "सर्वप्रथम सांगायचं म्हणजे आपण आत्ता जे अळू खाल्लं ते या वाफ्यातलं आहे. डेपोच्या पाण्यावर वाढलेलं. त्याच्या पानांत शिसं असू शकतं. आणखीही काही असू शकतं. ते खायला नको होतं. मी आत्ताच... मला आत्ताच कळलं. हे अळू दोन वर्षं हडपसरच्या मंडईत जातंय. तेही थांबवायला हवं."

कुणीतरी ढेकर अर्धवट सोडला.

संपत पहिला सावरला. "थांब, थांब. मगाशी खाजरं होतं."

"मगाशी मी खोटं बोलले."

"आन आत्ता?"

"आत्ता खरं."

"बरं. आन सुपारी खाऊस्तवर ते आनिक काय होनार हाय?" लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आईवर राग काढतेय. कुणी म्हणालं, शिकून डोकं फिरलं. एक बाई म्हणाली, दोन वर्षं खातोय, मेलंय का कोण?

दीनानाथ सर हसत नव्हते. खिशातून रुमाल काढून ओठ पुसत होते, पुन्हा पुन्हा.

"पानं तपासली होती?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पाणीच तपासलं."

"का?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं."

"तुम्ही 'लिहा' म्हणालात. मी लिहिलं."

यावर सरांनी रुमालाची घडी घातली. पेठेतला माणूस निरुत्तर झाला की काय करतो हे अपेक्षाने पहिल्यांदा पाहिलं. चहा मागवतो.

प्रियदर्शनी मॅडम गाडीत बसल्या होत्या. काच वर गेली होती.

फोन

"अपेक्षा, हाय. जेवलीस?"

"बोला मॅडम."

"सगळे ठीक आहेत इथे. कुणाला काही झालं नाही."

"एका जेवणाने काही होत नाही मॅडम. रोज खाणाऱ्यांचा प्रश्न आहे. मी पानं ठेवलीयत फ्रीजमध्ये. लॅबला द्यायची तर कंपनीचं पत्र लागेल."

"तेच बोलायचं होतं. आपण टेस्ट नको करूया."

"का?"

"लीगल म्हणतात, जोवर माहीत नाही तोवर माहीत नाही. माहीत झालं की आपल्याला माहीत होतं असं होतं."

"पण काहीच नसेलही त्यात! मग गाव सुटेल, मीही सुटेन."

"आणि असेल तर?"

"असेल तर सांगावं लागेल."

"हं. म्हणून."

"मग असं करू. अळू काढू. फक्त अळू. त्या जागी वाळा लावते, पाण्याला काही फरक पडणार नाही. कर्दळ कोणी खात नाही, पाणकणीस कोणी खात नाही. मॅडम, पाणी खरंच स्वच्छ होतंय. तुम्ही वास घेतला होतात."

"मला माहितीय गं. पण आता त्या वाफ्याला एक स्टोरी चिकटलीय. साइट क्लोज करायला सांगितलंय वरून. जागा होती तशी करून द्यायची. आम्ही कात्रजला तलावाकाठी झाडं लावतोय, त्यात तू ये ना. सेफ आहे ते."

"आणि नाला?"

"नाला आमचा नाहीये, अपेक्षा."

घरात

शालूने त्या दिवसानंतर मंडईत जाणं बंद केलं. कारण कुणाला सांगितलं नाही. गटातल्या बायकांना म्हणाली, कंबर धरलीय. जुड्या त्यांनी नेल्या.

"आई, तू सांग त्यांना. माझं नाही ऐकत, तुझं ऐकतील."

शालू तांदूळ निवडत होती. "काय सांगू?"

"विष आहे म्हणून."

"गिऱ्हाईकं हायत माझी तिथं. वरसानुवरसं. एक जोशीबाई हाय, नातवंडाला वड्या आवडत्यात म्हनून खास मोठी पानं मागून न्यायची. तिला जाऊन सांगू? मी तुमच्या नातवंडाला काय घातलं ते?"

"सांगायलाच हवं."

"तू का न्हाय सांगितलंस? आधी?"

"सांगितलं ना, माइकवर."

"त्याच्या आधी." शालूने सूप खाली ठेवलं. "मांडवामागनं भायेर गेलीस तवा तुला ठावं होतं. खरं बोलली असतीस तर मी तिथंच बादली उपडी केली असती. सगळ्यांसमोर. माझ्या हातानं. पन तू म्हनलीस खाजरं. माझी लाज गेली म्हनून लोकांनी मागून मागून खाल्लं. माझ्यापायी. मी वाढत हुते गं. तुझ्या सरांना तिसरा द्रोण मी वाढला."

अपेक्षाने सुपाबाहेर सांडलेले दोन तांदूळ वेचून आत टाकले.

"विषाचं सोड," शालू म्हणाली. "ते मला कळत न्हवतं, तुला बी न्हवतं. खाजऱ्याचं तुला कळत हुतं."

तिने सूप उचललं आणि पुन्हा निवडायला घेतलं.

जागा, होती तशी

करायला संपतचा जेसीबी आला. पितृपंधरवडा मधोमध आला होता आणि मंडईत अळवाला भाव चढला होता. जेसीबीच्या आधी बायका आल्या, सुंदराबाई पुढे, सगळ्यांच्या कमरेला विळे. वाफा आडवा व्हायच्या आत मिळेल तेवढं खुडायचं. अपेक्षाने पंगतीत दोन तोंडांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी गावाने पहिलीही मानली नव्हती आणि दुसरीही.

कर्दळ फुलली होती. लाल, पिवळी. पाणकणसांवर तपकिरी कणसं आली होती. खालच्या तोंडाने नितळ पाणी पडत होतं, आणि दहा पावलांवर मुख्य नाल्याच्या काळ्यात मिसळून दिसेनासं होत होतं.

"ऐका," अपेक्षा म्हणाली. "सुंदरामावशी, हात जोडते."

"जोडू नगंस बाई. काम कर."

बायका अळवात शिरल्या. अपेक्षा त्यांच्यापुढे शिरली, गुडघ्यापर्यंत चिखलात. पान दोन्ही हातांनी धरायची आणि मधल्या शिरेवरून फाडायची. फाटक्या पानाची जुडी होत नाही. फाटक्या पानाला मंडईत कोणी हात लावत नाही. एवढं तरी तिला घरातून आलेलं ज्ञान होतं. ती फाडत सुटली. वेड्यासारखी, रांगच्या रांग, बायकांच्या विळ्याच्या आधी पोचून. चीक लागून मनगटांपर्यंत आग व्हायला लागली. मागे हिरव्या चिंध्या पडत होत्या. बायका थांबल्या. संपत बांधावरून मोबाइलवर शूटिंग करत होता. जेसीबीचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बघत होता.

शालूही आली होती. ती खाली उतरली नाही. बांधावर बसून होती, हात मांडीत.

"आई!" अपेक्षा ओरडली. "एकदा सांग. एकदाच."

शालूने तोंड उघडलं. सुंदराबाईकडे बघितलं, मग बाकीच्या बायकांकडे, एकेकीकडे. या सगळ्याजणींना जुड्या बांधायला तिने स्वतः शिकवलं होतं, पाटी तिने वाचून दाखवली होती. तिने तोंड मिटलं.

शेवटचं पान फाटलं. अपेक्षा चिखलात उभी राहिली, धापा टाकत. वाफ्यात एक अख्खं पान उरलं नव्हतं.

सुंदराबाईने चिंध्यांवर नजर फिरवली. विळा कमरेला खोचला.

"किती कष्ट घेतलेस गं पोरी," ती म्हणाली. "फाटकं मंडईला चालत न्हाय. घरात चालतंय."

आणि ती वाकली. मग दुसरी वाकली. मग सगळ्याच वाकल्या, पदर पसरून चिंध्या वेचू लागल्या, देठांसकट, चिखल झटकून. आज कुणाकडे सासऱ्याचं श्राद्धाचं पान होतं, कुणाकडे दिराचं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बायकांचं होऊ द्या, म्हणाला, घाई नाही.